मदत हवी आहे : बाळाच्या पेजेतलं आर्सेनिक

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही सध्या पश्चिम बंगालमध्ये, नदिया जिल्ह्यात आहोत. इथल्या कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे हे माहीत होतं, म्हणून प्यायला विकतचं पाणी. पण भातशेतीलाही उन्हाळ्यात तेच भूजल लागतं. पाणी साचलेल्या चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे मातीतलं आर्सेनिक सुटतं आणि भाताचं रोप ते सिलिकासोबत ओढून घेतं. त्यातून हातसडीच्या तांदळात जास्त, कारण ते कोंड्यात साठतं! सासूबाई पौष्टिक म्हणून नेमका तोच पाठवा म्हणतात. सेंद्रिय तांदळानेही सुटका नाही, दोष पाण्यामातीचा.

प्रश्न माझ्या आठ महिन्यांच्या मुलीचा आहे. भरपूर पाण्यात भात शिजवून वेळला की बरंच आर्सेनिक पाण्याबरोबर जातं, अर्थात शिजवायचं पाणी शुद्ध हवं. पण तिला तर मी ती पेजच देते, वर तूप-मीठ घालून. म्हणजे टाकायचं तेच पाजतेय?

पेजेऐवजी नाचणीसत्त्व, मुगाचं कढण यांवर कोणी बाळं वाढवली आहेत का? आठवड्यात भात किती वेळा ठेवलात? आणि तांदूळ तपासून घेतला असेल तर प्रयोगशाळेने अजैविक आर्सेनिक (त्याचा जास्त विषारी प्रकार) वेगळं मोजून दिलं का, की नुसतं एकूण? कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणारी संस्था) पॉलिश तांदळाची ०.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मर्यादा अजैविकाचीच आहे, म्हणून विचारतेय. खर्च साधारण किती आला तेही सांगा.