थरथर कार्बोरेटरचीच असेल असं नाही

तुमचं विमान इंजिन चालू असताना थरथरतं, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे भाग) एकसारखे उघडतात का ते बघा, हा वर कुणीतरी दिलेला सल्ला बरोबर आहे. पण विमान पावसाळ्यानंतर हँगरमध्येच होतं आणि थरथर एप्रिलमध्ये सुरू झाली, असं तुम्ही लिहिलंय. पंखा (प्रोपेलर) लाकडी आहे ना? मग आधी त्याचे बोल्ट तपासा. आमच्या जळगावकडे उन्हाळ्यात कुऱ्हाडीचा दांडा सैल होतो, तेच इथे होतं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, बोल्टखाली चेपलं जातं. मग ४४-४५ अंशांच्या कोरड्या उन्हात आकसलं की पकड जाते. पंखा खरं तर फ्लँजवरच्या, म्हणजे तो ज्या धातूच्या चकतीवर बोल्टांनी बसवतात तिच्यावरच्या, घर्षणाने फिरतो. ते घर्षण गेलं की सगळा भार बोल्टांवर येतो आणि भोकं लांबट होतात.

मी पाहिलेल्या एका पंख्याला बाहेरून काहीच दिसत नव्हतं. उतरवल्यावर फ्लँजचा ठसा काळा, जळका निघाला आणि भोकांच्या कडेला कॉफीसारखी बारीक भुकटी होती. असं दिसलं तर नुसतं आवळून उडू नका, तो पंखा जाणकाराला दाखवा. लाकूड चांगलं असेल तर टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना), समोरासमोरचे बोल्ट घेत, पंखा बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याइतकंच आवळा; जास्त आवळलं तर तंतू चिरडतात. मग चाकांना ओट लावून, इग्निशन बंद करून, स्पार्क प्लग काढून पंखा हाताने फिरवा आणि पात्यांची दोन्ही टोकं एकाच खुणेवरून जातात का बघा. कार्बोरेटरला हात त्यानंतर.