बिटकॉइन देशाचं अधिकृत चलन झालं तर दुकानदार दर कसा लावतो?

देवगडकर: आमचा आंब्याचा धंदा आहे, पेट्या मे महिन्यात जातात आणि पैसे कधीकधी पाऊस सुरू झाल्यावर मिळतात. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशाने २०२१ मध्ये बिटकॉइन हे इंटरनेटवरचं चलन अधिकृत केलं म्हणे, मग भाव सारखा वरखाली होताना तिथला माणूस धंदा करतो कसा?

मालवणची_ताई: दादा, दर डॉलरमध्येच लावतात, २००१ पासून तिथे अमेरिकन डॉलरच चालतो. सरकारने चिवो नावाचं वॉलेट काढून ३० डॉलरचं बिटकॉइन फुकट दिलं, बऱ्याच जणांनी ते वापरलं आणि नंतर ॲपकडे बघितलंच नाही.

रत्नागिरीकर: बिटकॉइन आणण्याचं मूळ कारण परदेशातून घरी येणारा पैसा, आपल्याकडे आखातातून येतो तसा तिथे अमेरिकेतून येतो, त्यावरचं कमिशन वाचावं हे मला अजूनही पटतं पण दुकानदारांवर बिटकॉइन घ्यायची सक्ती नको होती. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १.४ अब्ज डॉलरचं कर्ज ठरलं आणि त्याच्या अटीमुळे २०२५ मध्ये कायदा बदलून सक्ती काढली.

देवगडकर: आणि उद्या व्यापारी म्हणाला पैसे बिटकॉइनमध्ये घ्या तर?

मालवणची_ताई: सरळ नाही म्हणा हो, आपल्याकडे ते चलन नाहीच, वर नफ्यावर ३० टक्के कर. वर्षभराची मेहनत आहे, रुपयातच घ्या.