अनुभव सांगा: माथा न गाठता, पाण्याकाठची पायपीट

निवांत पाऊल

गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "चाला, पण चढू नका. आणि चढलातच तर उतरू नका." कळसूबाई (1646 मीटर) तीनदा करून झालंय, आता ते खालूनच बघायचं. म्हणून हा धागा. डोंगर समोर हवा, पाणी शेजारी हवं, आणि साठीतल्या बाईला मधे भाकरी खाऊन दोन-तीन तासांत परत येता यावं अशी वाट हवी. गड, सुळके, रॅपलिंग यांच्यासाठी इतरत्र भरपूर जागा आहे. काय दिसलं ते लिहा, काय चुकलं तेही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. भंडारदऱ्याला डिसेंबरात गेलो होतो. शेंडीहून जीप केली आणि रतनवाडीच्या तीनेक किलोमीटर अलीकडे उतरून घेतलं. जीपवाल्याला वाटलं आमचं भांडण झालंय. तिथून डांबरी रस्त्यानेच चालायचं, त्यात पराक्रम काही नाही. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कापणी झालेली भातखाचरं, आणि वर रतनगडाचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक. पूर्वी त्या नेढ्यात बसून फोटो काढलेत, पण ते खालून इतकं नीट कधी बघितलंच नव्हतं. सुईच्या भोकातून आभाळ ओवल्यासारखं दिसतं. गावात अमृतेश्वराचं देऊळ आहे. आम्ही नुसते बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघत तासभर फिरलो. शेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांत मूर्ती आहेत, त्या चुकवू नका. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड बुडते. एका घरी आधी सांगून ठेवलं होतं, तिथे नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. गुडघ्याने एक शब्द काढला नाही.

शॉर्टकट

काय चुकलं तेही लिहा म्हणालात म्हणून लिहितो. जागा तीच, महिना एप्रिल, वेळ सकाळी अकरा. इथेच पहिल्या तीन चुका झाल्या. मुरशेतच्या बाजूला आमचे तंबू होते. आम्ही काठाकाठाने थोडं पुढे गेलो होतो आणि परत येताना ते समोर दिसत होते, अगदी हाक मारली तर ऐकू जाईल इतके. म्हटलं पाण्याच्या कडेनेच जाऊ, सपाट तर आहे.

धरणाचा काठ सरळ नसतो हे तेव्हा कळलं. नैसर्गिक तळं वाटीसारखं असतं, धरण म्हणजे हाताचा पंजा. जिथे जिथे ओढा येऊन मिळायचा तिथे तिथे पाणी आत घुसलेलं. प्रत्येक बोटाला वळसा घालायचा, की तंबू परत तेवढेच लांब. दोन किलोमीटरचे मोबाईलवर नऊ झाले. पाणी तिघांत एक बाटली. चौथ्या की पाचव्या बोटाशी वळसा वाचवायला मी गाळातून गेलो. पोटरीपर्यंत रुतलो, निघालो, पण डावी सँडल भंडारदऱ्याच्या पोटात राहिली. शेळ्या चारणारी एक आजी हे सगळं शांतपणे बघत होती. म्हणाली, "पान्याच्या कडंनं कोन चालतं? वर ढोरवाट हाय की." काठापासून थोडी वर, उंची न सोडता गेलेली मळलेली वाट. त्यानंतर कुठेही गेलो तरी आधी ढोरवाट शोधतो.

पवनाकाठ

ताई, छान धागा. पण फिरायला येणारे सगळे जिथे तिथे 'लेक' म्हणतात, आम्ही धरणच म्हणतो. माझी आजी तर धरणही म्हणायची नाही, ती नुसतं 'पाणी' म्हणायची. थोरल्या आत्याचं लग्न पाणी यायच्या आधी, धाकट्या काकाचा जन्म पाणी आल्यावर. आमच्या घरातली सगळी कालगणना अशी. पवना धरण 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचं. आमचं घर त्याच्या बुडीत क्षेत्रात गेलं.

माझी चाल वर्षातून एकदाची, मे महिन्यातली. पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ उघडं पडतं. वर्षातले बरेच महिने पाण्याखाली काढलेले काळे दगड, त्यांवर सुकलेल्या शेवाळाचा पांढुरका थर. आजूबाजूला भेगाळलेला गाळ. काही लोक त्यात गाळपेर करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनीत पाणी परत चढायच्या आत एखादं पीक काढून घेतात. तासाभराची वाट, चढ असा नाहीच. एका बाजूला तिकोना, पलीकडे तुंग टोपीसारखा उभा, मागे लोहगड. लोहगडाचं नाव 2025 ला जागतिक वारशात गेलं, त्यामुळे वर गर्दी असते. खाली मात्र सकाळी सातला आपण आणि टिटव्या.

वडील चालते होते तोवर तेही यायचे. एकदा त्यांनी एका चौथऱ्यावर उभं राहून सांगितलं, ही ओटी, इथे आजोबा बसायचे, इथून चार पावलांवर उखळ. चार पावलं मोजून पाय घासला तर खरंच उखळाचा काठ लागला. आम्ही ते काढलं नाही.

एक कळकळीची विनंती, धरणात पोहायला उतरू नका. काठ दिसतो सपाट आणि पुढच्या पावलाला खोल जातो, खाली गाळ. तंबूत राहायला आलेली चांगली पोहणारी पोरंही इथे गेली आहेत.

पाऊसवेडी

कास पठार, छोटंसंच लिहिते. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी जाऊ नका. फुलांपेक्षा सेल्फी स्टिक जास्त असतात, आणि त्या सात वर्षं थांबायलाही लावत नाहीत. (कारवी लावते, ती सात वर्षांनी एकदा फुलते.) मधल्या वारी, ऑनलाइन बुकिंग करून, कुमुदिनी तळ्यापर्यंत जुन्या राजमार्गाने चालत गेलो. धुकं, लाल माती, दोन्ही बाजूंना तेरडा. तळ्यावर झालरीची पांढरी फुलं. माझी सासू सत्तरीची, ती माझ्या पुढे होती.

केंडलची कोकणी

मी इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्टच्या उंबरठ्यावर राहते. मागच्या जूनमध्ये बाबा देवगडहून आले, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. इथल्या नॅशनल पार्कने 'माइल्स विदाऊट स्टाइल्स' नावाने काही वाटा ठरवून दिल्यात. स्टाइल म्हणजे कुंपण ओलांडायच्या पायऱ्या. त्या नसलेल्या या वाटा, काहींवर बाबागाडी आणि व्हीलचेअरही जाते. त्यातली टार्न हाउजची फेरी तीन किलोमीटरच्या आत संपते. समोर लँगडेलचे डोंगर, आणि बसायला बाकं.

बाबांना मी कौतुकाने सांगितलं की इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर, स्काफेल पाइक, इथेच आहे, 978 मीटर. ते म्हणाले, "बस?" मग पाऊस आला. या भागातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण, तेही सांगितलं. बाबांनी आभाळाकडे बघितलं, "ह्येका पाऊस म्हणतत?" पण अर्ध्या तासात तो पाऊस तिरका होऊन कॉलरमधून आत शिरला, तेव्हा गप्प झाले.

त्यांचा जीव रमला तो भिंतींत. मेंढ्यांच्या कुरणांच्या दगडी भिंती, चुना-माती काही न लावता नुसत्या रचलेल्या, पार डोंगराच्या खांद्यापर्यंत चढलेल्या. "ह्यो गडगो," म्हणाले आणि थांबलेच. दगड कसा बसवलाय, सांधा कुठे मोडलाय, मधे आडवे लांब दगड का घातलेत, सगळं मला समजावून झालं. शेवटी निकाल दिला, "चिरो न्हय, पण रचणारो आमच्यातलोच." तळं राहिलं बाजूला.

शॉर्टकट, तुमच्या वाटीवरून आठवलं. टार्न हाउजही पूर्ण नैसर्गिक नाही, एकोणिसाव्या शतकात बांध घालून तीन तळ्यांचं एक केलेलं आहे. आणि पवनाकाठ, तुमचं वाचून राहवेना. इथे हॉजवॉटर नावाचा तलाव आहे. मँचेस्टरला पाणी हवं म्हणून धरण बांधलं आणि 1930 च्या दशकात मार्डेल गाव बुडवलं. चर्च पाडलं, दफनभूमीतली माणसं उकरून जवळच्या शॅप गावात नेऊन पुरली. कोरड्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथेही भिंती आणि एक जुना पूल वर येतो. मी एकदा बघायला गेले होते. लोक गाड्या लावून उतरतात, गावाच्या गल्लीतून चालतात, आणि का कोण जाणे, हळू बोलतात.

पवनाकाठ

धन्यवाद ताई. आमच्याकडची मोठी लढाई मुळशीची. 1921 साली सेनापती बापटांच्या साथीने मावळ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच, आणि त्या पाण्याची वीज मुंबईला गेली. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. मी आता पिंपरीलाच राहतो.

रातकिडा

कुणीच काजव्यांचं लिहिलं नाही? मे अखेर ते जूनचा पहिला-दुसरा आठवडा, भंडारदरा परिसर, पाऊस जोर धरेपर्यंत. याहून सोपी चाल नाही, कारण अंधारात वेगाने जाताच येत नाही. गावातला एखादा पोरगा बरोबर घ्या, त्याला नीट पैसे द्या. टॉर्च बंद, मोबाईल खिशात. दहा मिनिटांनी डोळे सरावले की हिरडा, सादडा, जांभूळ, कुठलंतरी एक झाड आख्खं लुकलुकायला लागतं. झाडावर लुकलुकतात ते बहुतेक नर, माद्या खाली गवतात-झुडपांत. म्हणून पायवाट सोडून फोटोसाठी गवतात शिरायचं नाही, तुमच्या बुटाखाली पुढच्या वर्षीचे काजवे असतात. आमच्या वेळी एका गाडीने वळणावर हेडलाइट मारला आणि ते झाड विझलं. परत लागायला किती वेळ गेला ते मोजलं नाही. पण कुणीतरी अंधारात त्या गाडीला जी शिवी दिली ती अस्सल होती.

निवांत पाऊल

काजवे ठरले. मुलीला सांगून टाकलंय, हेडलाइट न लावणारा ड्रायव्हर शोध. (तोही घाटात नको म्हणा.) केंडलताई, बाबांना नमस्कार सांगा आणि गडग्याचे फोटो टाका. शॉर्टकट, सँडल कितव्या नंबरची होती? पाणी उतरल्यावर दिसली तर आणते.

पवनाकाठ, विचारू की नको असं झालं, पण विचारते. मे महिन्यात तुमच्याबरोबर आलं तर चालेल का? मी हळू चालते.

पवनाकाठ

या ना ताई. मेचा तिसरा आठवडा, वळीव पडायच्या आत. सकाळी सहाला पवनानगरच्या चौकात चहाच्या टपरीशी. काठी आणा, चढासाठी नाही, गाळ चाचपायला.