मदत हवी आहे: आईच्या तोंडात टाळूवर काळा डाग, बायॉप्सी करावी का?

आईचं वय 61. वरची कवळी करायची म्हणून तिला घेऊन दंतवैद्यांकडे गेले होते. माप घ्यायला तिने तोंड उघडलं आणि डॉक्टर थबकले. टाळूच्या उजव्या बाजूला, पूर्वी जिथे दाढ होती तिथून बोटभर आत, एक काळपट तपकिरी डाग आहे. मोजला तर 6 मिलिमीटर. सपाट आहे, दुखत नाही, रक्त येत नाही. आईला तर पत्ताच नव्हता. स्वतःची टाळू कोण बघतं?

हे डॉक्टर म्हणाले, त्या दाढेत चांदीचं फिलिंग होतं, त्याचाच डाग असेल, काळजी नको. मनाचं समाधान होईना म्हणून दुसऱ्यांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसलं नाही, तर म्हणाले बायॉप्सी करून टाकू. तेव्हापासून आई एकच धरून बसली आहे: "त्याला सुरी लागली की ते पसरतं." मामाही तेच म्हणतो.

नुसतं बघून नाही का कळत? की दोघांतले एक डॉक्टर चुकताहेत? आणि पसरण्याचं कितपत खरं आहे? तंबाखू, सिगारेट कधीच नाही. औषधं दोनच: रक्तदाबाची गोळी आणि संधिवातासाठी सहा वर्षांपासून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन.

प्रतिसाद 1
माझ्या हिरडीवर असाच डाग होता, तो फिलिंगचाच निघाला. दहा वर्षं झाली, तसाच आहे. उगाच कापाकापी करू नका.

प्रतिसाद 2
वजन उतरलंय का त्यांचं? थकवा, उठल्यावर चक्कर, खारट खावंसं वाटणं? अ‍ॅडिसनच्या आजारात (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पुरेसे हार्मोन बनवत नाहीत) तोंडात डाग पडतात, माझ्या काकूंचं निदान त्यावरूनच झालं होतं.

धागाकर्ती
नाही हो, यातलं काहीच नाही. कातडीही कुठे काळवंडलेली नाही.

प्रतिसाद 3
मी मुखरोगतज्ज्ञ आहे. वर्णनावरून निदान करणार नाही, पण आम्ही विचार कसा करतो ते सांगते.

आधी बघायचं, डाग एक की अनेक. दोन्ही बाजूंच्या हिरड्या सारख्याच काळसर आणि लहानपणापासून तशाच असतील तर तो नैसर्गिक रंग. सिगारेट ओढणाऱ्यांच्या पुढच्या खालच्या हिरड्या काळवंडतात, सोडल्यावर हळूहळू उजळतात. अ‍ॅडिसनमध्ये रंग पसरट असतो, ठिकठिकाणी असतो. त्यामुळे वर विचारलेला प्रश्न योग्य होता, पण एकुलत्या एका डागाला तो लागू पडत नाही.

फिलिंगचा डाग म्हणजे अमाल्गमचे, त्या चांदीच्या फिलिंगचेच, कण हिरडीत रुतून बसलेले. तो निळसर राखाडी असतो आणि बहुतेक वेळा त्या दाताला लागूनच. कण मोठे असले तर एक्स-रेत पांढरे ठिपके दिसतात. बारीक असले तर दिसत नाहीत, म्हणजे एक्स-रे कोरा आला म्हणून अमाल्गम नाहीच असंही नाही. तुमच्या आईंचा डाग मात्र तपकिरी आहे आणि हिरडीपासून लांब आहे. दोन्ही गोष्टी अमाल्गमशी जुळत नाहीत.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा उल्लेख केलात ते फार बरं झालं, कारण त्याने टाळूच रंगते. पण तो रंगही निळसर राखाडी, बहुधा दोन्ही बाजूंना पसरलेला, आणि मऊ टाळू सुरू होते तिथे रेघ मारल्यासारखा थांबतो. एका बाजूच्या छोट्या तपकिरी ठिपक्याची जबाबदारी मी त्या गोळीवर टाकणार नाही. (आणि गोळी मनाने बंद करू नका!) रक्तवाहिनीची गाठ असती तर काचपट्टीने दाबल्यावर फिकी पडली असती. ही तपासणी दुसऱ्या डॉक्टरांनी केली का विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग उरतं काय? मेलॅनोटिक मॅक्यूल, म्हणजे एक प्रकारचा निरुपद्रवी सपाट डाग. एकट्या तपकिरी डागात हाच सगळ्यात जास्त सापडतो. दुसरा नीव्हस, म्हणजे तीळ. आणि तिसरा, नाव घ्यायला नको वाटतं तो, मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर. तोंडातला मेलॅनोमा दुर्मीळ आहे, एकूण मेलॅनोमांपैकी एक टक्क्याहूनही कमी. पण त्याच्या आवडत्या जागा दोनच: कडक टाळू आणि वरची हिरडी. सुरुवातीला तोही सपाट, न दुखणारा असू शकतो. म्हणून कारण न सापडलेला टाळूवरचा डाग "बघत राहू" म्हणून सोडायचा नसतो. पहिले डॉक्टर हिरडीवरच्या डागाबद्दल बरोबर ठरले असते.

पसरण्याची भीती रोज ऐकते. बायॉप्सीमुळे कॅन्सर पसरतो याला आधार नाही. इथे तर तुकडा न घेता डागच भोवतालच्या थोड्या कडेसकट पूर्ण काढतील, एवढा तो लहान आहे. टाळूत भुलीची सुई टोचताना कळ येते, ते आईंना आधीच सांगा, खोटा धीर नको. जखम उघडी ठेवतात, दोनतीन आठवड्यांत भरते. कवळी त्यानंतर. कवळीखाली झाकला गेलेला डाग मला अजिबात चालणार नाही.

धागाकर्ती
खूप खूप आभार. आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. "डागच निघणार असेल तर पसरेल काय?" असं तीच मामाला फोनवर सांगत होती! शुक्रवारची वेळ घेतली आहे. आता तिचा नवा प्रश्न: एवढासा तुकडा, त्याचा रिपोर्ट यायला आठवडाभर कशाला?

प्रतिसाद 3
तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरावा लागतो, मग मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे. रंगद्रव्य फार दाट असलं तर पेशीच दिसत नाहीत. मग काप ब्लीच करून, रंग उतरवून पुन्हा बघावे लागतात. शंका राहिलीच तर मेलॅन-ए, एचएमबी-45 असे खास रंग लावतात, त्यात आणखी दिवस जातात. उशीर झाला म्हणजे काही वाईटच निघालं, असा अर्थ काढत बसू नका. आणि हो, पाठवायच्या फॉर्मवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन लिहायला सांगा, सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्याला ते माहीत असलेलं बरं.