‘मॅकिनॉ पाहिलं नाही म्हणजे मिशिगन पाहिलंच नाही’ म्हणे!

ट्रॉयचा_त्रस्त
परवा इथल्याच एका ताईंनी लिहिलं होतं: उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले की त्यांना ह्यूरन सरोवरातल्या मॅकिनॉ बेटावर न्यायलाच हवं, ‘मोटारी नाहीत, नुसता टापांचा आवाज, जणू शंभर वर्षं मागे’. खाली बदामांचा पाऊस. मी गेल्या जुलैत सासू-सासऱ्यांना घेऊन तिथे जाऊन आलोय, त्यामुळे दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे.

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयहून साडेचार तास गाडी चालवली, मग बोटीची रांग, मग वीस मिनिटं बोट. उतरल्यावर पहिला वास आला तो ह्यूरन सरोवराचा नाही, घोड्यांच्या मुताचा. त्यावर साखरेच्या पाकाचा. मेन स्ट्रीटवर जिकडे बघावं तिकडे फज नावाच्या मिठाईची दुकानं. एका काचेआड एक पोरगा संगमरवरी ओट्यावर तो लगदा लांब उलथन्याने गोळा करत होता. सासूबाईंनी दहा मिनिटं निरीक्षण केलं आणि निकाल दिला: ‘वडी आहे. आटवली कमी.’

सासऱ्यांचे गुडघे बदललेले. घोडागाडीच्या रांगेत पाऊण तास उभे. रात्रीच्या खोलीचं भाडं त्यांनी मनातल्या मनात रुपयांत केलं आणि त्यानंतर माणूस जेवलाच नाही. शंभर वर्षं मागे जायला एवढे पैसे पडतात हे ताईंनी लिहायचं राहिलं.

अभ्यासू_कावळा
तुम्ही बेट नाही पाहिलंत, बाजारपेठ पाहिलीत. रायगडावर जाऊन पायथ्याची पिठलं-भाकरी खाऊन परत यावं तसं.

जेमतेम दहा चौरस किलोमीटरचं बेट, त्यातला मोठा भाग राखीव उद्यान. यलोस्टोन या पहिल्या राष्ट्रीय उद्यानानंतर तीनच वर्षांनी, १८७५ साली, हे राष्ट्रीय उद्यान झालं. १८९५ मध्ये मिशिगनकडे आलं. वरचा किल्ला ब्रिटिशांनी १७८० च्या सुमारास मुख्य भूमीवरून इथे हलवला, पुढे तो अमेरिकनांकडे आला. जुलै १८१२ मध्ये ब्रिटिश रात्री बेटाच्या मागच्या अंगाला उतरले आणि किल्ल्याच्या वरच्या टेकाडावर तोफ चढवून मोकळे. खालच्या किल्लेदाराला ब्रिटन-अमेरिका युद्ध जाहीर झाल्याचा पत्ताच नव्हता! लढाई न होताच किल्ला गेला. वज्रगड पडला की पुरंदर धोक्यात, हे आपल्याकडे १६६५ पासून पोरासोरांना ठाऊक आहे. त्या टेकाडावर उभं राहिलं की आपला माणूस आपोआप हसतो. तुम्ही वर गेलात तरी का?

ट्रॉयचा_त्रस्त
कावळेसाहेब, दोन बदललेले गुडघे आणि एक रडणारं पोर घेऊन वज्रगड चढवून दाखवा. मी खाली उभा राहून टाळ्या वाजवतो.

उसगावची_जुनी
आधी एक. ‘मॅकिनॅक’ म्हणू नका रे कोणी, इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा क उच्चारत नाहीत. तीस वर्षं सांगतेय.

दुसरं, चूक बेटाची नाही, वेळेची आहे. भर जुलैतल्या शनिवारी भुशी डॅमला गेलं तर काय दिसतं? माणसं. आम्ही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जातो, लायलॅकची जांभळी फुलं फुललेली असतात. एकदा मुक्काम करून बघा. दिवसाच्या पर्यटकांना तिथले लोक ‘फजी’ म्हणतात. हे फजी संध्याकाळच्या बोटींनी गेले की रस्ता रिकामा होतो. सकाळी सहाला सायकल काढायची, बेटाभोवतीचा रस्ता तेरा किलोमीटर, जवळजवळ सपाट. डाव्या हाताला झाडी, उजव्या हाताला पाणी, आणि इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. यांनी सत्तरीत केलं आहे.

ट्रॉयचा_त्रस्त
म्हणजे उलटा मुक्कामच करा! भाड्याचा मुद्दा कुठे गेला, काकू?

लेकीकडे_आलेली
मी मराठीत टाइप करायला नुकती शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. मी चिंचवडची, वय ६८. लेकीने मागच्याच महिन्यात नेलं होतं. छान आहे, नाही कशाला म्हणू. पण मोटारबंदीचं एवढं कौतुक कशाला? आमचं माथेरान नाही का? तिथेही गाड्या दस्तुरीलाच थांबतात. लाल माती, माकडं, गरम मक्याचं कणीस. आणि बोटीचं तिकीट नाही.

नेरळवाला
काकू, राग मानू नका, पण माथेरानचं नाव या यादीत असं सहज टाकू नका. तुम्हाला कणीस आठवतं. मला वडिलांचे खांदे आठवतात.

वडील बावीस वर्षं हातरिक्षा ओढत होते. एक पुढे दांडा धरून, दोघं मागून ढकलायला. पावसाळ्यात त्या लाल मातीचा चिखल होतो, चाक रुतलं की आतल्या साहेबाला उतरा म्हणायची सोय नाही. घरी आले की आई आधी मोहरीचं तेल गरम करायची, मग चहा. ‘मोटारी नाहीत, किती शांत’ असं म्हणणारा प्रत्येक जण कोणाच्या तरी जिवावर शांत असतो.

अभ्यासू_कावळा
मान्य, पण धागा मॅकिनॉचा आहे. तिथे माणूस गाडी ओढत नाही, घोडा ओढतो.

नेरळवाला
आणि घोड्याला कोणी विचारलं? शिवाय त्या हॉटेलांतल्या खोल्या झाडतं कोण? मी तिथे गेलो होतो, कंपनीची ट्रिप होती. जमैकाहून हंगामापुरती आलेली माणसं. एकाशी तासभर बोललो. मुलगी दोन वर्षांची आहे, म्हणाला, उन्हाळा कधी एकत्र काढलेला नाही. तुमचा तोफगोळा चालू द्या.

उसगावची_जुनी
घोड्यांची तिथे काळजी घेतात हो. हिवाळ्यात बहुतेक घोडे मुख्य भूमीवर नेतात. लिदीचंसुद्धा खत करतात. पार्सलं, कचरा, हॉटेलांचं सामान, सगळं घोडागाडीवर. रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी अशी मोजकीच वाहनं इंजिनाची.

नेरळवाला
माथेरानलाही रुग्णवाहिकाच काय ती चालायची. मग २०२२ च्या शेवटी ई-रिक्षा आल्या, त्याही कोर्टाची दारं झिजवल्यावर. विरोध कोणाचा? एक अश्वपाल, दुसरे पुण्या-मुंबईचे निसर्गप्रेमी, जे वर्षातून दोन दिवस येतात. शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा. वडील ते ऐकायला नव्हते.

अभ्यासू_कावळा
अश्वपालांचा विषय निघालाच आहे तर: मॅकिनॉची मोटारबंदी पर्यावरणासाठी झालेली नाही. १८९८ मध्ये घोडागाडीवाल्यांनीच तक्रार केली की या नव्या यंत्रांनी घोडे बुजतात. गावाने ऐकलं. १९०१ मध्ये उद्यानातही बंदी. सव्वाशे वर्षांची ती नॉस्टॅल्जिया मुळात धंदा वाचवण्यासाठी होती.

नेरळवाला
हेच म्हणतोय मी मघापासून! तुम्ही साल सांगितलं म्हणून ते ज्ञान झालं, मी सांगितलं तर रडगाणं.

अभ्यासू_कावळा
रडगाणं कोण म्हणालं? शब्द माझ्या तोंडी घालू नका.

ट्रॉयचा_त्रस्त
माझा धागा होता हा. फजबद्दल.

उसगावची_जुनी
फजवरून आठवलं. १८२२ मध्ये तिथल्या कातड्यांच्या वखारीत एका तरुणाला जवळून गोळी लागली, पोटाला पडलेलं भोक बुजलंच नाही. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर बोमाँट पुढे रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा, बाहेर काढून बघायचा किती पचलं ते. पचनाचं शास्त्र तिथून पुढे सरकलं. सासूबाईंना सांगा, त्या बेटावरच्या माणसाच्या पोटात अन्नाची परीक्षा फार खोलवर झालेली आहे.

ट्रॉयचा_त्रस्त
हे मात्र भारी आहे. हे कोणी तिथे सांगितलं असतं तर सासरे जेवले नसते तरी हसले असते.

लेकीकडे_आलेली
नेरळवाले दादा, मी दोनदा हातरिक्षात बसले आहे. ८४ साली, आणि मुलगी पोटात असताना. तेव्हा मागे वळून पाहिलं नव्हतं. एवढंच लिहायचं होतं.

नेरळवाला
काकू, ८४ साली वडील असतीलही त्यात. पोटुशी बाई बसली की ते सावकाश न्यायचे, आम्हाला सांगायचे.

ट्रॉयचा_त्रस्त
बरं. मुद्दा अजून सोडलेला नाही, खोलीचं भाडं लूटच आहे. पण सासरे येत्या जूनमध्ये पुन्हा येतायत. जुन्या काकू, ते टेकाड घोडागाडीने चढता येतं का, की सायकलच? आणि लायलॅक नक्की कोणत्या आठवड्यात?

उसगावची_जुनी
घोडागाडी जाते त्या बाजूला. उतरताना ब्लँकेट अंगावर ठेवा, वारा गार असतो. आणि घरून थालीपीठ न्या.