मॅचच्या आधी पत्रिका मांडणारं कुणी तुमच्या घरात होतं का? (अनुभव धागा)

कृष्णाकाठ
परवा विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर दोन पोरं बोलत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "उद्याच्या मॅचचं काय म्हणतोय तुझा ज्योतिषी?" आणि मला आमचं गावभागातलं जुनं घर आठवलं, आप्पा आठवले.

आप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. भारताची मॅच असली की आंघोळ-पूजा उरकून दाते पंचांग, लाल-निळी पेन्सिल आणि शाळेची शंभर पानी वही घेऊन सोप्यात बसायचे. पेपरात मॅच सुरू व्हायची वेळ असायची, त्यातून टॉससाठी अर्धा तास वजा करायचे, लग्न (म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास) काढायचे, कुंडली मांडायचे. शेवटी वहीत एका ओळीत निकाल. मग वही देवघरात, गणपतीच्या मागं. मॅच संपेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. विचारलं तर "बघ की, आता सुरूच होतीय" एवढंच.

13 मार्च 1996. ईडन गार्डन्स, श्रीलंकेविरुद्ध सेमीफायनल. सचिन 65 वर स्टंप झाला तेव्हा 98 ला 2 होते, बघता बघता 120 ला 8 झाले, लोकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, मॅच थांबली. कांबळी रडत आत गेला. आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मी उठून वही काढली. सकाळच्या तारखेखाली लिहिलं होतं, भारत हरणार.

आप्पा दिवसभर आमच्यात बसून ओरडत होते. जयसूर्या आणि कालुवितरणा पहिल्याच ओव्हरला गेले तेव्हा सगळ्यात आधी उभं राहून टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या. सकाळी स्वतःच्या हातानं तसं लिहून ठेवणारा माणूस दिवसभर इतक्या जीव तोडून भारत जिंकावा म्हणतो, हे मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, पत्रिका खोटी ठरावी म्हणूनच ते आमच्यात बसायचे.

आप्पा गेले. वह्या 2019 च्या पुरात गेल्या, आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा. तुमच्याकडं असं कुणी होतं का? लिहा सविस्तर.

मेणवली
आमच्या सासूबाई पत्रिका बघायच्या नाहीत, देव पाण्यात घालायच्या. 2003 च्या वर्ल्डकप फायनलला सकाळपासून गणपती तांब्याच्या पातेल्यात. गांगुलीनं टॉस जिंकून फिल्डिंग घेतली. पाँटिंग 140 वर नाबाद, 359 ला 2. सासरे म्हणाले आता काढ देवाला बाहेर, गारठला असेल. त्या म्हणाल्या अजून सेहवाग आहे. सेहवाग 82 ला रनआउट झाला तेव्हा काढला, पुसला, आणि त्यालाच म्हणाल्या, "तुझा काही दोष नाही रे."
कुकर झालाय, नंतर येते.

पोवई_नाका
आमच्या चाळीत एकजण होते, बँकेत कॅशियर. ते कॅप्टनची पत्रिका बघायचे. पण परदेशी कॅप्टनची जन्मवेळ कुठून आणणार? मग नावरास, म्हणजे नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास. स्टीव्ह वॉ म्हणजे स वरून कुंभ. मार्क वॉ म वरून सिंह. एका आईची जुळी पोरं, समोरासमोरच्या राशी 😀

षष्ठेश
मिरजेत राहतो, कृष्णमूर्ती पद्धतीनं (ज्योतिषातली एक नवी पद्धत) पत्रिका बघतो, नोकरी सांभाळून. वर आप्पांबद्दल वाचून बरं वाटलं. मॅचसाठी हे नेमकं कसं करतात ते थोडक्यात लिहितो, कारण बरेच जण नावरास म्हणजेच ज्योतिष समजतात.

प्रश्नकुंडलीत (प्रश्न विचारला त्या वेळेची कुंडली) आपला संघ म्हणजे लग्न, पहिलं स्थान. समोरचा संघ सातवं. सहावं स्थान शत्रूवर मात करण्याचं, दहावं यशाचं, अकरावं लाभाचं. म्हणून 6-10-11 लागले की आपला विजय. समोरच्याचं सहावं म्हणजे सातव्यापासून मोजत गेलं तर आपलं बारावं. तसंच त्याचं दहावं म्हणजे आपलं चौथं, आणि अकरावं म्हणजे आपलं पाचवं. म्हणून 4-5-12 लागले की त्यांचा. विचारणाऱ्याकडून 1 ते 249 मधला एक आकडा घेऊनही कुंडली मांडता येते.

अडचण वेळेची. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. पण आमच्याकडं निर्णय उपनक्षत्रस्वामीवर (नक्षत्राचा लहान भाग ज्या ग्रहाचा, तो ग्रह) असतो, आणि तो तीन मिनिटांतही बदलू शकतो, फार तर नऊ-दहा. आता तुमचं घड्याळ तीन मिनिटं पुढं असेल तर?

आणखी एक, अनुभवाचं. आपलं मन ज्या बाजूला असतं तिकडं पत्रिका वाचली जाते. एकाच कुंडलीत जिंकण्याची चार कारणं सापडतात आणि हरण्याचीही चार. आप्पा भारताच्या विरुद्ध लिहू शकले, याला फार मोठी ताकद लागते. मी तो माणूस बघितलेला नाही, पण नमस्कार सांगतो.

पोवई_नाका
@षष्ठेश 2011 च्या फायनलला वानखेडेवर टॉस दोनदा झाला होता. गोंगाटात संगकारानं काय मागितलं ते रेफरीला ऐकूच गेलं नाही. मग कुंडली कोणत्या टॉसची?

षष्ठेश
@पोवई_नाका यावर आमच्या ग्रुपमध्ये त्या रात्री धोनीचा सिक्स बसल्यावरही भांडण चालू होतं. माझ्या मते ज्याचा निर्णय धरला त्याच टॉसची, म्हणजे दुसऱ्या. पण पहिल्याची धरणारेही होते, आणि दोघांनीही "भारत" असंच काढलं होतं, वेगवेगळ्या कारणांनी.

चारभिंती
साताऱ्याचा आहे, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुणाला दुखवायचं नाही.

डॉ. दाभोलकर आमच्या गावचे. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला शिकले, मिरजेला डॉक्टर झाले, कबड्डीचे मोठे खेळाडू होते. माणूस मैदानावरचा होता, हे लोक विसरतात. जयंत नारळीकरांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली त्यात दाभोलकर सोबत होते. 200 मुलांच्या पत्रिका, निम्मी हुशार मुलं, निम्मी बौद्धिकदृष्ट्या अक्षम. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 द्यायच्या आणि कोणती कुठली ते ओळखायचं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आले असते.

मॅचचंही तेच आहे. दोनच संघ. डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर. आणि बरोबर आलेली वेळ माणूस आयुष्यभर सांगतो. 1996 ची वही सगळ्यांना आठवते. बाकीच्या पानांवर काय होतं?

कृष्णाकाठ
@चारभिंती खरं सांगू, मलाही बाकीची पानं बघायची होती. आता बघता येत नाहीत. राग नाही आला तुमचा.

नाव_नको
हा धागा वाचून लिहावं की नको असं झालंय. लिहितो.
वाळव्याकडचा आहे. धाकटा भाऊ शेती बघतो. त्याला फोनवर एक 'गुरुजी' भेटले, मॅचचा निकाल पत्रिकेवरून सांगणारे. पहिल्या चार मॅच फुकट, चारही बरोबर आल्या. मग पाचवीला पैसे. 'गुरु लाभात आहे, हमखास' असं लिहून यायचं. त्यानं त्यावर सट्टा लावला. उसाची पहिली उचल गेली, मग वहिनीचं मंगळसूत्र सोनाराकडं गेलं. आम्हाला कळलं ते सोसायटीची नोटीस आल्यावर. भाऊ लय गुणी आहे हो. अजून म्हणतो चार बरोबर कशा आल्या मग?

मेणवली
@नाव_नको वाचून पोटात कालवलं. वहिनींना आधी सांभाळा. त्यांच्याशी कुणी बोलतंय ना?

चारभिंती
@नाव_नको चार बरोबर कशा आल्या ते सांगतो, भावाला दाखवा. तो माणूस समजा 160 जणांना मेसेज पाठवतो. 80 जणांना भारत, 80 जणांना समोरचा. मॅच झाली की चुकीचं गेलेल्या 80 जणांना सोडून देतो. उरलेल्यांत पुन्हा निम्मे-निम्मे. 40, मग 20, मग 10. चार मॅचनंतर 10 माणसं अशी उरतात ज्यांना चारही बरोबर आल्या. तुमचा भाऊ त्या दहांतला असणार. बाकी 150 जण त्याला कधी भेटणारच नाहीत. त्यात पत्रिका मांडायची गरजच पडत नाही.

षष्ठेश
@नाव_नको मी मॅचसाठी पत्रिका बघणं याच कारणानं बंद केलं. रात्री अकराला फोन यायचे, आवाजावरून कळायचं की पैसे लावलेत. कृष्णमूर्ती असो की जुनी पाराशरी पद्धत, जुगारासाठी पत्रिका मांडू नये असं मी मानतो आणि शिकणाऱ्यांनाही तेच सांगतो. भावाला शिव्या देऊ नका. फोनमधले ते नंबर त्याच्याच हातानं काढायला लावा, आणि त्या 'गुरुजी'ची सायबर पोलिसांत तक्रार करा, 1930 वर. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

नाव_नको
ते 160 चं गणित त्याला वाचून दाखवलं. गप्प बसून राहिला. मग कागदावर स्वतः मांडून बघितलं. उद्या तक्रारीला जातोय दोघं. आभारी आहे सगळ्यांचा.

हरिपूरवाली
विषय जरा बदलते, जड झालंय सगळं. 2 नोव्हेंबर 2025, महिला वर्ल्डकप, आपल्या स्मृती मानधनाची फायनल! पावसानं मॅच तीनची पाचला गेली, आणि रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. आमच्या आत्या (माधवनगरच्या, स्मृती लहानपणी तिथं खेळायची त्या भागातल्या) टीव्हीसमोरून उठून गेल्या. म्हणाल्या, राहुकाळात पहिला बॉल पडतोय, माझ्यानं बघवणार नाही. स्मृती-शेफालीनं 104 ची भागी केली तरी स्वयंपाकघरातून "किती झाले?" एवढंच. शेफाली 87. आम्ही 298. मग दक्षिण आफ्रिकेची वोलवार्ट काही केल्या जाईना, तिचं शतक झालं. अमनज्योतनं तो कॅच तीनदा हातातून उडवत धरला तेव्हा आत्या पोळपाट-लाटणं घेऊनच बाहेर आल्या!
मध्यरात्रीच्या सुमाराला हरमननं शेवटचा कॅच घेतला. 52 रन्सनी जिंकलो. सांगलीत फटाके, आमच्या गल्लीत बायका रस्त्यावर. आत्या रडत होत्या. 2017 ला लॉर्ड्सवर 9 रन्सनी गेली होती ना, ती त्यांच्या मनात होती, स्मृती त्या दिवशी शून्यावर गेली होती.

पोवई_नाका
मग राहुकाळाचं काय म्हणाल्या आत्या?

हरिपूरवाली
म्हणाल्या राहुकाळ दोन्ही संघांना होता 😀 आणि साखर वाटली.

षष्ठेश
बरोबरच बोलल्या. त्या दिवशी पाऊस नसता तर टॉस अडीचला कुंभ लग्नावर झाला असता. साडेचारला मीन लग्न आलं. कुंडलीच बदलली. सकाळी ज्यांनी भाकीत केलं त्यांनी न झालेल्या मॅचचं केलं. 2019 च्या वर्ल्डकप सेमीफायनललाही पाऊस आला, पण तिथं टॉस 9 जुलैलाच झाला होता, अर्धवट राहिलेली मॅच 10 ला संपली.

मेणवली
2019 काढू नका. धोनीचा तो रनआउट. आमच्याकडं त्या रात्री पिठलं केलं होतं, कुणी हात लावला नाही.

पोवई_नाका
सांगलीकरांनो, पुढच्या आठवड्यात येतोय. भडंग कुठलं घेऊ? तिखट पाहिजे.

हरिपूरवाली
लसणाचं घ्या, आणि ताजं भाजलेलं मिळेल तिथं घ्या. पाकीटबंद नको. येताना आम्हाला कंदी पेढे आणा की!

प्रीतिसंगम
कराडहून. उशिरा वाचतोय, ड्युटी होती. आमच्या वडिलांकडं अशा डायऱ्या आहेत, 1983 पासूनच्या. त्या वर्ल्डकपला रेडिओवर ऐकून सुरुवात केली. कपिलचे झिम्बाब्वेविरुद्धचे 175 ज्या दिवशी झाले त्या पानावर "17 ला 5, आता बंद करतो" असं लिहून खाली पुन्हा पेन चाललंय. कुंडली वर, निकालाचं भाकीत मधे, प्रत्यक्ष काय झालं ते तळाला. चुकलेलं कधी खोडलेलं नाही. वय 78, अजून मांडतात. मी कधी मोजून बघितलं नाही.

चारभिंती
@प्रीतिसंगम हे फार मोलाचं आहे! आधी लिहिलेलं, खोडाखोड नसलेलं, इतक्या वर्षांचं. मोजू द्याल का? वडिलांची परवानगी असेल तरच. अनिर्णित टेस्ट आणि पावसात वाहून गेलेल्या मॅच वेगळ्या काढायच्या, उरलेल्यांत बरोबर किती, चूक किती. आणि नुसतं "भारत" म्हटलं असतं तर किती बरोबर आले असते, तेही शेजारी मांडायचं, नाहीतर तुलना होत नाही.

षष्ठेश
मीही येतो. नुसती आकडेमोड नको, कुंडल्या वेळेवर नीट मांडल्यात का तेही तपासायला हवं. जे निघेल ते मी मान्य करीन.

प्रीतिसंगम
बाबांना आत्ताच विचारलं. म्हणाले, "मोजा. मलापण कळू दे." पण डायऱ्या घराबाहेर न्यायच्या नाहीत, इथं बसूनच मोजायचं. रविवारी या दोघं. दहानंतर या, त्याआधी ते पूजेत असतात. स्टँडवरून फोन करा, न्यायला येतो.

कृष्णाकाठ
मी पण आलो तर चालेल का? वह्या बघायला.

प्रीतिसंगम
या की. जेवायलाच या सगळे.