फिलिपिन्सच्या संविधानात घराणेशाहीला मनाई आहे, मग ती टिकली कशी?

मुग्धा, रामबाग, इंदूर
आमच्या वाचनमंडळात या महिन्यात फिलिपिन्सवर चर्चा असून टिपण मी लिहीत आहे. फेब्रुवारी 1986 मध्ये मनिलाच्या एड्सा रस्त्यावर लाखो लोक उतरले आणि हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांना देश सोडावा लागला. 2022 मध्ये मात्र तीन कोटींहून अधिक मते देऊन त्याच देशाने त्यांच्या मुलाला राष्ट्राध्यक्ष केले. लोकांची स्मृती अल्प असते आणि उरलेले काम समाजमाध्यमांवरील अपप्रचाराने केले, असे मंडळातील बहुतेकांचे मत आहे. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण 1987 च्या संविधानात राजकीय घराणेशाहीला मनाई आहे. त्या मनाईचे पुढे काय झाले?

श्रीकांत, लोकमान्य नगर, इंदूर
मुग्धाताई, दुसऱ्या अनुच्छेदातील 26 वे कलम नीट वाचावे. घराणेशाहीला मनाई आहे खरी, पण घराणेशाही कशाला म्हणायचे हे कायद्याने ठरवायचे आहे, आणि तो कायदा ज्या संसदेने करायचा तिथे याच घराण्यांची माणसे बसलेली असल्यामुळे सर्वसाधारण कायदा आजवर झालेला नाही. 2016 मध्ये गावपातळीवरच्या युवा परिषदांपुरते तेवढे बंधन आले. म्हणजे नियम लागला तो सर्वांत खालच्या पायरीला, हे मला फार खटकते.

त्यातच कार्यकाळाची मर्यादा आली. प्रतिनिधिगृहाचा सदस्य किंवा महापौर सलग तीन वेळाच, म्हणजे नऊ वर्षेच, पदावर राहू शकतो. त्यानंतर पत्नी, मुलगा किंवा भाऊ उभा राहतो आणि मूळ धनी दुसऱ्या पदाकडे वळतो. जी तरतूद सत्ता वाटली जावी म्हणून केली, तिच्यामुळे एकेका घरातील उमेदवारांची संख्या वाढली.

वंदना, इंदूर
श्रीकांतरावांचे म्हणणे पटते, पण चित्रपट आणि सिनेट, म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृह, यांचा संबंधही टिपणात यावा. सिनेटच्या 24 जागांपैकी दर तीन वर्षांनी साधारणपणे 12 जागांसाठी मतदान होते आणि त्यासाठी संपूर्ण देश हा एकच मतदारसंघ असतो. लांबलचक मतपत्रिकेवर बारा नावांपुढची वर्तुळे भरताना, पक्षांना फारशी ओळखच नसलेल्या देशात, मतदार परिचित नावाकडे वळतो. ते नाव पडद्यावरचे असेल किंवा जुन्या घराण्याचे. गरिबांचा कैवारी म्हणून पडद्यावर गाजलेले जोसेफ एस्त्रादा 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, आणि 2022 नंतर पिया व ॲलन पीटर कायेतानो ही सख्खी भावंडे एकाच सिनेटमध्ये बसली. अशा मतदाराला भोळा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

श्रीकांत, लोकमान्य नगर, इंदूर
वंदनाताईंना दुजोरा देऊन स्मृतीच्या मुद्द्याबद्दल लिहितो. अपप्रचार झालाच, पण तो रुजला तो निराशेत. मार्कोस यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या कोराझोन आकिनो स्वतः हासिएंदा लुइसिता या प्रचंड ऊसमळ्याच्या मालक घराण्यातल्या होत्या. त्यांच्याच कारकिर्दीत, जानेवारी 1987 मध्ये, जमीन मागायला आलेल्या शेतकऱ्यांवर मनिलातील मेंदियोला रस्त्यावर गोळीबार होऊन 13 जण मारले गेले, आणि लुइसिताची जमीन तिथल्या शेतमजुरांना वाटण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश अंतिम व्हायला 2012 उजाडले. हुकूमशहा गेला, पण जमीनदार राहिले. टिपणाची सुरुवात 2022 च्या निकालापासून न करता मेंदियोलापासून करावी, असे मी आग्रहाने सुचवतो.